मोटारीच्या नियंत्रकांचे संकेतन आणि त्यातील दोषांचा शोध

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्य भागात, हुगळी नदीलगत, खिदिरपूर ही जुनी वस्ती आहे. यंत्रविद्येच्या इतिहासात या वस्तीला मानाचे स्थान आहे. १८२३ च्या जुलै महिन्यात येथील जेम्स किड यांच्या गोदीतून ‘डायना’ ही वाफेवर चालणारी नौका पाण्यात सोडण्यात आली. तिचा सांगाडा खिदिरपूरच्या कारागिरांनी बांधला होता. इंजिन मात्र इंग्लंडातील मॉडस्ले यांच्या कारखान्यात तयार झालेले होते. पुढे १८९२ मध्ये येथे मोठी गोदी सुरू झाली, आणि २७ मार्च १९०२ रोजी कोलकात्याची पहिली विजेवरची ट्राम एस्प्लनेडहून निघाली ती खिदिरपूरलाच आली.

‘डायना’च्या बांधणीत कारागिरांपुढे जो प्रश्न उभा होता, तो यंत्रविद्येतील एक सनातन प्रश्न आहे. एका ठिकाणी घडलेले इंजिन दुसऱ्या ठिकाणी घडलेल्या सांगाड्याशी जुळवून कसे घ्यावे? पाट्या, खिळे, दांडे आणि दट्ट्ये यांच्या साहाय्याने तो त्या काळी सोडविला गेला. आजच्या मोटारगाडीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. एक सुटा भाग दुसऱ्या भागाच्या जागी बसतो, त्याचे बोल्ट जुळतात, तारांचे जोडही जुळतात, आणि तरीही गाडी चालत नाही. कारण त्या भागाच्या स्मृतीत आपण कोणत्या गाडीत आहोत याची नोंद चुकीची असते. या नोंदीला संकेतन किंवा रूढ शब्दात कोडिंग म्हणतात. ते चुकले म्हणजे काय होते आणि ती चूक शोधावी कशी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कानाने ओळखण्याचा काळ

कोलकात्याची पिवळी टॅक्सी म्हणजे बहुतेकांच्या मनात ‘अँबॅसडर’. हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५८ पासून २०१४ पर्यंत ही गाडी तयार होत असे. तिच्या जुन्या नमुन्यांत संगणक नव्हता. इंधन आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे, आणि ठिणगी पडण्याची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवीत असे. गाडी कुरकुरली तर मिस्त्री बॉनेट उघडून कान देई, धुराचा रंग पाही, स्पार्क प्लग काढून त्यावरची काजळी न्याहाळी, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच दोष सांगे. ही विद्या गुरूकडून शिष्याकडे हातांनी जात असे.

हवेच्या प्रदूषणावर निर्बंध आले तेव्हा हे चित्र पालटले. इंधन मोजूनमापून जाळावयाचे तर प्रत्येक क्षणी हवेचे वजन, इंजिनाचे तापमान आणि धुरातील प्राणवायूचे प्रमाण यांचा हिशेब ठेवणे भाग पडते, आणि तो मनुष्याच्या किंवा साध्या झडपेच्या आवाक्यातील नाही. १ एप्रिल २०१० पासून कोलकात्यासह देशातील मोठ्या शहरांत ‘भारत स्टेज चार’ ही मर्यादा लागू झाली. तिच्याबरोबरच गाडीने आपले दोष आपणच नोंदवावेत अशी निदानव्यवस्था आवश्यक ठरली. २०१३ च्या एप्रिलपासून या व्यवस्थेचा दुसरा, अधिक काटेकोर टप्पा आला, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ लागू झाला. दरम्यान, पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने कोलकात्याच्या रस्त्यांवरून काढण्याविषयी उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आदेश दिला होता. त्यामुळे कानाने दुरुस्त होणाऱ्या गाड्या ओसरत गेल्या, आणि त्यांच्याच गॅरेजांत संगणकाने भरलेल्या गाड्या येऊ लागल्या.

दोन तारांवरील संभाषण

आजच्या साध्या गाडीतही अनेक लहान संगणक असतात. महागड्या गाडीत त्यांची संख्या कित्येक डझनांवर जाते. त्यांना नियंत्रक म्हणतात. एक इंजिनाकडे पाहतो, दुसरा ब्रेककडे, तिसरा एअरबॅगकडे. चौथा दिवे, वायपर, दारांची कुलुपे आणि चावीची ओळख सांभाळतो. प्रत्येकाला दुसऱ्याकडून माहिती हवी असते. ब्रेकच्या नियंत्रकाने मोजलेला चाकांचा वेग इंजिनाच्या नियंत्रकाला लागतो, चालकासमोरच्या काट्यालाही लागतो. प्रत्येक माहितीसाठी वेगळी तार ओढली असती, तर गाडीत तांब्याचेच ओझे झाले असते.

यावर जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये एक उपाय मांडला. तो ‘कॅन’ या नावाने ओळखला जातो. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा गाडीभर फिरतात आणि सारे नियंत्रक त्यांवरच बोलतात व ऐकतात. तारा शांत असताना दोहोंवर सुमारे अडीच व्होल्ट दाब असतो. संदेशाच्या वेळी एकीवरचा दाब साडेतीन व्होल्टपर्यंत चढतो आणि दुसरीवरचा दीड व्होल्टपर्यंत उतरतो. बाहेरून विजेचा गोंधळ शिरला तर तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून त्यांतील फरक अबाधित राहतो. तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध बसविलेला असतो. दोन सारखे रोध समांतर जोडले असता एकूण रोध निम्मा होतो. म्हणून बॅटरी सोडवून या दोन तारांमध्ये मापक लावला तर सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे, आणि शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत असे समजावे. हे मोजमाप कोणत्याही विद्युत् दुकानातील साध्या मल्टिमीटरने करता येते.

या संभाषणात बाहेरच्या मनुष्याला कान देता यावा म्हणून चालकाच्या पायांजवळ, डॅशबोर्डखाली, सोळा टोकांचा एक जोड असतो. अमेरिकेत १९९६ च्या नमुन्यांपासून तो सक्तीचा झाला आणि पुढे जगभर पसरला. त्याच्या सोळाव्या टोकावर बॅटरीचा दाब, चौथ्या व पाचव्यावर भूमी, आणि सहाव्या व चौदाव्यावर कॅनच्या दोन तारा येतात. निदानाचे सॉफ्टवेअर याच जोडातून गाडीशी बोलते.

संकेतन म्हणजे काय?

कारखानदार एकच नियंत्रक अनेक प्रकारच्या गाड्यांत वापरतो. एका गाडीत पावसाचा सेन्सर असतो, दुसरीत नसतो. एकीला धुक्याचे दिवे असतात, दुसरीला नसतात. एका देशात चालक उजवीकडे बसतो, दुसऱ्यात डावीकडे. प्रत्येक प्रकारासाठी निराळा भाग बनविण्यापेक्षा एकच भाग बनवून त्याला गाडीत बसविल्यावर ‘तुझ्याकडे अमुक आहे, तमुक नाही’ असे सांगणे स्वस्त पडते. हे सांगणे म्हणजे संकेतन.

ही माहिती होय-नाही अशा प्रश्नांच्या उत्तरांनी दिली जाते. होयसाठी १ आणि नाहीसाठी ०. अशी आठ उत्तरे एका ओळीत मांडली की एक बाइट होतो. समजा, एका बाइटमधील उत्तरे ००१०११०१ अशी आहेत. उजवीकडून मोजता या स्थानांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ अशा असतात. म्हणून या बाइटची किंमत ३२ + ८ + ४ + १, म्हणजे ४५ होते. सोळाच्या पायावरील अंकलेखनात तीच ‘२डी’ अशी लिहितात. आता ४ किमतीचे स्थान पावसाच्या सेन्सरचे आहे असे मानू. सेन्सर नसलेल्या गाडीत तेथे शून्य हवे. तेव्हा बाइट ००१०१००१ होईल, किंमत ४१ होईल आणि लेखन ‘२९’ होईल. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसणारी अंकांची व अक्षरांची लांब माळ ही अशाच उत्तरांची यादी होय. तिच्यातील एक अक्षर बदलले की गाडीच्या समजुतीतील एखादी वस्तू नाहीशी होते किंवा नव्याने प्रकट होते.

येथे तीन निराळ्या गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. नियंत्रकातील मूळ कार्यक्रमच नव्याने भरणे, याला गॅरेजात फ्लॅशिंग म्हणतात. त्या कार्यक्रमाला गाडीची रचना सांगणे हे कोडिंग. आणि भाग बसविल्यानंतर त्याला शून्यबिंदू शिकविणे, जसे स्टीअरिंग सरळ असताना ते सरळ आहे हे सांगणे, ही जुळवणी. पहिले काम हुकले तर नियंत्रक मूक होतो, दुसरे हुकले तर तो चुकीचे बोलतो, आणि तिसरे हुकले तर तो बरोबर बोलूनही चुकीचे मोजतो.

दोषसंकेतांची भाषा

नियंत्रकाला काही बिघाड जाणवला की तो एक संकेत नोंदवितो. पहिल्या अक्षराने विभाग कळतो: ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक व सांगाडा, ‘बी’ म्हणजे गाडीचा देह, आणि ‘यू’ म्हणजे नियंत्रकांमधील संभाषण. पी ०६०२ याचा अर्थ नियंत्रकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये दोष. पी ०६१० म्हणजे गाडीतील सोयींची नोंद जुळत नाही. पी ०६३३ म्हणजे इंजिनाच्या नियंत्रकाला चावीची ओळख शिकविलेली नाही. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या नियंत्रकाशी बोलणे तुटले. यू ०३०० म्हणजे नियंत्रकांतील सॉफ्टवेअर एकमेकांशी विसंगत.

हा संकेत तक्रार करणाऱ्याचा जबाब असतो, न्यायाधीशाचा निर्णय नव्हे. ‘अमुक सेन्सर उत्तर देत नाही’ असे नियंत्रक म्हणतो, तेव्हा सेन्सर बिघडलेला असेल, तार तुटलेली असेल, किंवा तो सेन्सर त्या गाडीत कधी बसविलेलाच नसेल. तिसरी शक्यता ध्यानात घेतली नाही, तर मिस्त्री नसलेल्या तारेचा शोध घेत दिवस घालवितो आणि गिऱ्हाइकाच्या माथी नको असलेला सुटा भाग मारतो.

एक उदाहरण

पावसाळ्यात कोलकात्याच्या सखल रस्त्यांवर पाणी तुंबते. समजा, अशा पाण्यातून गेलेली एक लहान गाडी खिदिरपुरातील एका गॅरेजात आणली आहे. तिचा देहनियंत्रक, म्हणजे दिवे, कुलुपे व चावी सांभाळणारा संगणक, भिजून निकामी झाला आहे. नवा भाग महाग. म्हणून मालकाने शहरातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्याच क्रमांकाचा वापरलेला भाग आणला. तो बसविला. दिवे लागले, परंतु इंजिन सुरू होईना, आणि स्कॅनरवर पावसाचा सेन्सर व धुक्याचे दिवे यांविषयी तक्रारी दिसू लागल्या. ही गाडी साध्या प्रकारची असल्याने या दोन्ही वस्तू तिच्यात नाहीत.

जाणता मिस्त्री या ठिकाणी घाईने काहीही लिहीत नाही. तो पुढील क्रमाने जातो.

पहिली पायरी विजेची. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट दाब असतो. चावी चालू ठेवून काम करताना तो उतरत जातो, आणि लिहिणे अर्धवट असताना दाब कोसळला तर नियंत्रक कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून स्थिर दाब देणारे साधन बॅटरीला जोडल्याखेरीज लेखन करावयाचे नाही. भिजलेल्या गाडीत भूमीच्या तारांवर गंज चढलेला असतो. तोही याच वेळी साफ करावा.

दुसरी पायरी संभाषणाची. बॅटरी सोडवून ६० ओहमची परीक्षा घ्यावी. जोडांत पाणी असेल तर ते वाळवावे. तारच सदोष असताना संकेतन बदलणे म्हणजे ऐकू न येणाऱ्याला शब्दकोश देणे होय.

तिसरी पायरी नोंदीची. सर्व नियंत्रकांतील दोषसंकेत, भागांचे क्रमांक, सॉफ्टवेअरचे क्रमांक आणि असलेले संकेतन वाचून जपून ठेवावे. जुना भाग अजून थोडाफार बोलत असेल तर त्याचे संकेतन हाच सर्वांत मोलाचा ऐवज. तेच नव्या भागात उतरविता येते.

चौथी पायरी ओळखीची. प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. तो सांगाड्यावर, नोंदणीपत्रावर आणि नियंत्रकांच्या स्मृतीत असतो. येथे बाजारातून आणलेला भाग आपला क्रमांक दुसराच सांगतो. इंजिन का सुरू होत नाही हे आता उलगडते: देहनियंत्रक परक्या चाव्यांना ओळखतो आणि इंजिनाचा नियंत्रक या परक्या देहनियंत्रकाला ओळखत नाही. हा चोरीविरुद्धचा पहारा आहे. काही कंपन्यांच्या गाड्यांत वापरलेला भाग पुन्हा जुळविता येतच नाही. नवाच घ्यावा लागतो. शिवाय तो भाग कोणत्या गाडीतून निघाला याची पावती मागणे हे मिस्त्रीचे कर्तव्यच आहे.

पाचवी पायरी लेखनाची. गाडीच्या प्रकाराप्रमाणे पावसाचा सेन्सर व धुक्याचे दिवे यांची स्थाने शून्य करावयाची. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुनर्वाचन. त्यानंतर चाव्यांची ओळख अधिकृत मार्गाने शिकवावी, जुळवणी करावी, दोषसंकेत पुसावेत आणि गाडी रस्त्यावर चालवून पुन्हा वाचावेत. पुसलेला संकेत परत आला नाही तरच दुरुस्ती झाली.

नकाराचा अर्थ

लेखनाच्या वेळी पुष्कळदा पडद्यावर ‘कोडिंग नाकारले’ एवढेच उमटते आणि मिस्त्री तीच कळ पुनःपुन्हा दाबतो. वस्तुतः नियंत्रक नकाराचे कारणही सांगत असतो. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या आय.एस.ओ. १४२२९ या प्रमाणानुसार नकाराचे उत्तर तीन बाइटांचे असते: प्रथम ‘७एफ’, मग कोणती आज्ञा नाकारली तिचा क्रमांक, आणि शेवटी कारण. ‘७एफ २ई ३३’ असे उत्तर आले तर लिहिण्याची आज्ञा सुरक्षेच्या कारणाने नाकारली असा त्याचा अर्थ.

कारण २२ असेल तर परिस्थिती अनुकूल नाही. इंजिन चालू आहे काय, चावी योग्य स्थितीत आहे काय, ते पाहावे. ३१ म्हणजे मागितलेले मूल्य मर्यादेबाहेर. त्या भागाला न पेलणारी सोय मागितली जात आहे. ३३ म्हणजे कुलूप उघडलेले नाही. नियंत्रक एक संख्या देतो, सॉफ्टवेअरने तिच्यावरून योग्य प्रतिसंख्या काढून परत द्यावयाची असते. ती चुकली तर ३५ येते. चूक वारंवार झाली तर ३६, म्हणजे प्रयत्न संपले. आणि नंतर ३७, म्हणजे ठरलेला वेळ जाईपर्यंत थांबा. ९३ म्हणजे विजेचा दाब कमी. ७८ हा तर नकारही नव्हे. ‘मागणी पोचली, उत्तर तयार होत आहे’ एवढेच तो सांगतो. त्या क्षणी अधीर होऊन तार उपटणारा मनुष्य चांगला नियंत्रक बिघडवून बसतो.

दिवा विझविणे आणि दोष घालविणे

संकेतनाच्या या सामर्थ्याला एक काळी बाजू आहे. एअरबॅगचा दिवा सतत पेटत असेल तर त्यामागे खराब जोड असेल, निकामी सेन्सर असेल किंवा उडून गेलेली एअरबॅग असेल. खरी दुरुस्ती खर्चाची असते. परंतु ‘ही एअरबॅग या गाडीत नाहीच’ असे नियंत्रकाला सांगितले, की काही गाड्यांत दिवा तत्काळ विझतो. गिऱ्हाईक समाधानाने पैसे देतो आणि ज्या गाडीत अपघाताच्या वेळी आपले रक्षण होणार नाही अशा गाडीत कुटुंबाला बसवून निघून जातो. दिव्याचे काम इशारा देण्याचे. इशारा देणाऱ्याचे तोंड दाबल्याने संकट टळत नाही.

अनवधानाने झालेली चूकही तितकीच घातक ठरू शकते. अनेक गाड्यांत टक्कर होताच दारांची कुलुपे आपोआप उघडण्याचे काम देहनियंत्रक करतो. आपल्या उदाहरणातील गाडीत इंजिन सुरू झाले, दिवे लागले, म्हणून काम संपले असे मानले आणि टकरीच्या संदेशाविषयीचे स्थान चुकीचे राहिले, तर ती चूक रोजच्या वापरात कधीच दिसणार नाही. ती दिसेल ती एकदाच. म्हणून संकेतन ‘चालते आहे’ एवढ्यावर न सोडता संपूर्ण माळ मूळ नोंदीशी ताडून पाहणे अगत्याचे असते.

किल्ली कोणाच्या हाती?

योग्य संकेतन करावयाचे तर योग्य माहिती हवी, आणि येथे शास्त्राचा प्रश्न समाजाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. कोणत्या स्थानाचा अर्थ काय, हे मूळ कंपनीला ठाऊक असते. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तांत्रिक पुस्तके व निदानसाधने मिळू दिली जात नाहीत, अशा तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये निर्णय दिला आणि चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. त्यावर अपिले झाली; परंतु दुरुस्तीची माहिती हा स्पर्धेचा आणि ग्राहकहिताचा विषय आहे, हे त्या निर्णयाने प्रकाशात आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

कंपन्यांचे म्हणणेही सर्वस्वी पोकळ नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी दूर बसून एका चालत्या जीप गाडीचा ताबा घेऊन दाखविला, आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जे दार प्रामाणिक मिस्त्रीला उघडते ते चोरालाही उघडू शकते. म्हणून कुलूप असावे हे योग्यच. वाद आहे तो किल्ली कोणाकोणाला मिळावी याचा. ती फक्त कंपनीच्या गॅरेजात राहिली, तर गरीब टॅक्सीवाल्याला दुरुस्ती परवडत नाही, आणि मग तो अर्धवट माहितीवर चालणाऱ्या नकली साधनांकडे वळतो. ज्या धोक्यापासून रक्षण करावयाचे, तोच अशाने वाढतो.

कानाची विद्या संपली आणि पडद्याची आली, असे या साऱ्यावरून कोणी अनुमान काढू नये. भिजलेल्या जोडाचा वास, गंजलेल्या भूमीच्या तारेचा खरखरीत स्पर्श, सुरू होताना अडखळणारी मोटर, ही लक्षणे आजही अनुभवी मिस्त्रीच प्रथम ओळखतो; सॉफ्टवेअर त्याच्या अनुमानाला पुरावा देते किंवा ते खोडून काढते. त्याच्या पेटीत पान्यांच्या शेजारी आता एका वस्तूची भर पडली पाहिजे, आणि ती महाग नाही. ती म्हणजे एक वही. गाडी आली तेव्हा तिचे संकेतन काय होते, त्यात कोणते अक्षर बदलले, का बदलले आणि कोणत्या तारखेला, हे जो लिहून ठेवतो त्याला आपली चूक मागे घेता येते; आणि त्याच्यानंतर ज्या मिस्त्रीच्या हाती ती गाडी जाईल, त्याला पुन्हा आरंभापासून चाचपडावे लागत नाही.